काल्यातला हात

"कोंबड्या सुटल्या म्हणतोस. मग अडकलं कोण?"

मठाधिपती चिंधूबुवांनी विचारलं आणि डॉक्टर दिगंबर हातातला तपासणीचा अहवाल पुन्हा चाळू लागला.

प्रश्न साधाच होता. उत्सवात मठाचा दहीलाह्यांचा काला खाऊन गावातली एकोणीस माणसं जुलाबांनी आडवी झाली होती. देवाच्या दयेनं सगळी वाचली. पण खापर फुटलं स्वयंपाकीण धोंडाईच्या डोक्यावर. दही तिनं विरजलेलं, परसातल्या कोंबड्याही तिच्याच. पंचांनी तिला आज संध्याकाळपर्यंत मठ सोडायला सांगितलं होतं. तीस वर्षं सगळ्यांना जेवू घालणारी ती बाई गाठोडं बांधून ओटीवर बसली होती.

दिगंबर याच मठात वाढलेला, बुवांच्या ताटात जेवलेला. आता शहरातल्या प्रयोगशाळेत मोठा तज्ज्ञ. विद्येचा थोडा ताठा होता. तो कुणाला नसतो?

"बुवा, जंतूचं नाव साल्मोनेला. नाव एक, पण घराणी अनेक. त्याची जनुकं वाचली की कोण कुठल्या घराण्यातला ते कळतं. आजाऱ्यांच्या पोटातला आणि उरलेल्या काल्यातला जंतू एकाच घराण्यातला निघाला. कोंबड्यांतला निराळ्याच. ज्या गाईचं दूध, तिच्यात तर काहीच नाही. माझी तपासणी चुकत नाही."

"आणि धोंडाई?"

"तिच्यातही काही सापडलं नाही."

"मग काल्यात तो आला कुठून?"

"मी लिहिलंय... उगम अज्ञात."

बुवा हसले. "आणि पंच ते कसं वाचतील?"

पंच त्या अज्ञाताच्या जागी धोंडाईचंच नाव वाचणार, हे दिगंबरलाही कळत होतं.

"मठात माणसं किती, दिगू?"

"बारा."

"नमुन्याच्या बाटल्या किती जणांच्या नेल्यास?"

"अकरा," दिगंबर म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

काला कालवायचा तो बुवांनीच, कोपरापर्यंत हात घालून, हा मठाचा जुना रिवाज. गावाला तो ठाऊक होता, दिगंबरला तर लहानपणापासून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अकरा जणांपुढे बेधडक बाटली धरणारा हा तज्ज्ञ बुवांच्या खोलीच्या उंबऱ्यावरून परत फिरला होता. गुरूकडे मागायची गोष्ट का ती?

"उत्सवाआधी मला आठ दिवस ढाळ लागले होते," बुवा म्हणाले. "बरा झालो, विसरलो. माणूस बरा झाला म्हणजे जंतू गेला का रे?"

"नाही, बुवा... कधी कधी महिनोन्महिने राहतो. माणूस ठणठणीत दिसतो, आणि..."

"हे तुला माहीत होतं."

"होतं."

"आण बाटली."

"बुवा, मठाचं नाव जाईल हो!" या माणसाला कुणी बोल लावलेला दिगंबरला सहन होणार नव्हता.

"नाव जायचं तेव्हा जाईल. इथं बाई निघाली आहे."

बुवा बाटली घेऊन परसाकडे गेले. बऱ्याच वेळानं आले. दिगंबरनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, लहानपणी त्यांच्याकडून खडीसाखर घ्यायचा तशी.

"तिच्यावर महाराज-बिहाराज लिहू नकोस. नुसतं चिंधू लिही."

मग ते ओटीवर गेले.

"धोंडाई, गाठोडं सोड. काल्यात हात माझा होता, हे पंचांना मी सांगतो. आणि निकाल येईपर्यंत मला तुझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नकोस."

"काय बोलताय ह्ये बुवा! आसं आयकलं तरी पाप लागंल मला."

"पाप नव्हे गं. जंतू."

धोंडाईला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. तिनं गाठीला हात घातला. ती सुटेना, तशी दातांनी ओढली.

दिगंबरला राहवलं नाही. बाटली पिशवीत ठेवून तो बुवांच्या पायांवर वाकला.

बुवांनी पाय मागे घेतले.

"आधी हात धू."