पोवळ्याचा वास

फार पूर्वी भर समुद्रात एक चिमुकलं बेट होतं. बेटावर माडांची दाटी, कोळ्यांची वस्ती आणि गोड्या पाण्याची एकच विहीर होती. बेटाभोवती पोवळ्यांचा बांध होता. लाटा त्याच्यावर फुटायच्या आणि आत यायचं ते थकलेलं पाणी.

लोक त्याला दगड म्हणत, पण तो दगड नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढे जीव पाण्यातला चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधत. त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहायचं. ते उन्हावर अन्न करायचं आणि घरमालकाला भरवायचं. जीव मेला की त्याच्या घरावर त्याची पोरंबाळं घर बांधत. असा तो बांध उभा राहिला होता.

बेटावर एक चुनेवाला होता. किनाऱ्यावर वाहून आलेली पोवळी भट्टीत भाजून तो चुना करायचा. त्याच्या घराण्याची एक रीत होती. तुकडा उचलला की आधी हुंगायचा. वास नसला तर टोपलीत टाकायचा. मासळीसारखा वास आला तर तो जिवंत, परत पाण्यात सोडायचा.

एका वर्षी पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. पाटील म्हणाला, "पाहुणे यायच्या आत गावातलं घर न् घर पांढरं झालं पाहिजे. जमेल ना?"

त्या वर्षी समुद्राने फारसं काही बाहेर टाकलं नव्हतं. पण आपल्या चुन्याचा चुनेवाल्याला भारी अभिमान, आणि चार लोकांत नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "जमेल की, पाटील."

ओहोटीला तो पहार घेऊन बांधावर गेला. त्याने पहिला तुकडा फोडला आणि सवयीने नाकाशी नेला. मासळीचा वास आला. तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने तो टोपलीत टाकला. पुढचे तुकडे त्याने हुंगलेच नाहीत.

बायकोने टोपली पाहिली. "अहो, हे जिवंत आहे."

"एवढा मोठा बांध. चार टोपल्यांनी काय होतंय?"

चाराच्या चाळीस झाल्या. घरं दुधासारखी पांढरी झाली, लग्न थाटात लागलं, पाहुण्यांनी वाहवा केली. बांधात मात्र होडी जाईल एवढी खिंड पडली.

पावसाळ्यात वादळ आलं. जी लाट बाहेर फुटायची, ती खिंडीतून थेट वस्तीत शिरली. माणसं माडांना धरून वाचली. पाणी ओसरल्यावर बायकोने विहिरीतून तांब्या भरून आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला. पाणी खारट होतं.

लोकांनी महिनाभर वाट पाहिली. दर भरतीला खिंडीतून समुद्र आत येत राहिला आणि विहीर खारटच राहिली. शेवटी पांढऱ्या घरांना कड्या लावून गाव होड्यांत बसलं. चुनेवाल्याला कोणी बोल लावला नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

"तू हो पुढे, मी इथेच राहतो," तो बायकोला म्हणाला.

"आणि तुमच्यासाठी प्यायला पावसाचं पाणी कोण धरून ठेवणार?" ती म्हणाली आणि राहिली.

त्यानंतर दर ओहोटीला तो बांधावरून सुटलेले जिवंत तुकडे वेचायचा आणि खिंडीत घट्ट बसवायचा. कित्येक तुकडे लाटेने नेले, कित्येक पांढरे पडून मेले. त्याचे केस पिकले, कंबर वाकली.

एका ओहोटीला त्याने खिंडीतल्या एका तुकड्याला हात लावला. तो हलेना. त्याला नवे कोंब फुटले होते. चुनेवाला वाकला आणि त्याने हुंगून पाहिलं. मग तिथेच पाण्यात बसून तो रडला.

घरी येऊन त्याने बायकोपुढे हात धरला. तिने हुंगला. मासळीचा वास होता.

"विहीर गोड व्हायला अजून किती वर्षं लागतील?" तिने विचारलं.

"ती गोड होईल तेव्हा आपण नसू," तो म्हणाला, आणि उद्याच्या ओहोटीसाठी टोपली दाराशी ठेवून आला.

तात्पर्य: जिवंत आहे हे कळूनही ज्याच्यावर घाव घालतो, त्याच्याच आडोशाला आपण जगत असतो. तो मोडायला एक हंगाम पुरतो, पुन्हा उभा करायला एक जन्म पुरत नाही.