गडूतली साखर

एकदा काय झालं, दोन राजे भांडले. कशावरून? नदीतल्या एका खडकावरून! त्यावर धड गवतसुद्धा उगवत नव्हतं, बरं का. पण लढाई झालीच. आणि घरं जळली ती कुणाची? राजांची? छे! तुमच्याआमच्यासारख्यांची.

नदीकाठच्या गावात सोनकी नावाची मुलगी आईबरोबर राहायची. सैन्य येतंय म्हटल्यावर आईनं आपली भांडी टेकडीवरच्या द्वारकामावशीकडे ठेवायला नेली. एक समई, एक तांब्याचा हंडा आणि एक चिमुकला पितळी गडू. याच गडूतून आई मावशीला रोज ताक पाठवायची. मावशीचं घर दगडी, भक्कम. पण तिनं मायलेकींना आत या म्हटलं नाही हं! भांडी तेवढी घेतली. मग मायलेकी रानात पळाल्या.

रानात आई तापानं गेली. मग लढाई संपली, राजांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, जेवणावळी उठवल्या. सोनकी एकटीच परत आली. घराची राख झाली होती. आईचं म्हणून जगात काही उरलं असेल, तर ती तीन भांडी.

मग सोनकी टेकडीवर गेली. दार बोटभर उघडलं.

"कोण गं तू?" मावशी म्हणाली. जिला कडेवर खेळवलं, तिलाच विचारते, कोण गं तू!

"मी सोनकी."

हे ऐकलं मात्र, आतली समई भक्कन पेटली. इतके दिवस मावशीनं किती वाती घातल्या, पण ती पेटली म्हणून नव्हती. मावशीनं धावत जाऊन ती फुंकून टाकली. फुंकून! दिवा असा विझवतात का? आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोनकी पुन्हा गेली.

"भांडी होय? ती लुटारूंनी नेली," मावशी म्हणाली.

तेवढ्यात आत हंडा घुमायला लागला. घूं घूं घूं!

"उंदीर असतील," मावशी म्हणाली आणि दार लावलं. हंड्याएवढे उंदीर! ऐकलंत का?

मग तिसऱ्या दिवशी सोनकीनं पायरीवर बसकणच मारली. विहिरीवर निघालेल्या बायका थांबल्या, कुजबुजायला लागल्या. आता मावशीला लाज वाटली. सोनकीची नव्हे हो, लोकांची.

"अगंबाई, पोरीकडे पाणी प्यायला भांडं नाही वाटतं!" ती मोठ्यानं म्हणाली. "माझा एक गडू देते हो उसना. वापर, आणि आठवणीनं आणून दे."

ती आत गेली आणि गडू घेऊन आली. आईचाच गडू. सोनकीनं आत पाहिलं. तळाशी चिमूटभर साखर होती.

"मावशी, उसनं देताना कुणी साखर घालतं का?"

खरंच, घालतं का? आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं परत करताना ते रिकामं देत नाहीत. पण साखर घालायची ती परत करणाऱ्यानं. मावशीचं तोंड खोटं बोललं, पण हात? ताक ओतून घेतलं की गडूत साखर घालून तो परत द्यायचा, ही त्या हाताची वर्षानुवर्षांची सवय. तो सवयीनं साखरेच्या डब्यात गेलाच! बायकांनी गडूत डोकावून पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं.

आणि मग आत जो खणखणाट झाला! हंडा गडगडत पायऱ्या उतरला, समई टुणटुण उड्या मारत त्याच्या मागे. सोनकी गडू पोटाशी धरून पुढे, भांडी मागे, अशी वरात निघाली. बायकांनी मिळून तिला झोपडी बांधून दिली आणि त्या संध्याकाळी समई पहिल्या वातीला पेटली.

पण गंमत ऐका. हंड्यात मावशीचा आमटी वाढायचा एक डाव चुकून आला होता. मी असते तर नदीत भिरकावला असता, खरं सांगते! सोनकीलाही तसंच वाटलं. मग दुसऱ्याचं भांडं परत करताना आई काय करायची, ते तिला आठवलं. डाव लखलखीत घासला, त्यात चिमूटभर साखर घातली आणि मावशीच्या हातात नेऊन दिला. मावशी तो डाव धरून कितीतरी वेळ दारात उभी होती.

सोनकी पुढे सुखानं राहिली, तिची भांडीही सुखानं राहिली. राजे? ते मेले आणखी एखादा खडक शोधत असतील! चला, मिटा डोळे.