हौसाचं मोकळं तास

हौसानं त्या दिवशी काय उत्तर दिलं? हे मी चुलत्याला विचारलं, देवळातल्या गुरवाला विचारलं, आणि सगळ्यांत जास्त आमच्या आक्काला विचारलं. कुणीच सांगितलं नाही. गोष्ट ऐकून तुम्हीही हेच विचाराल, म्हणून आधीच सांगतो, मला ठाऊक नाही.

तुम्ही मघाशी बांधावरून खाली उतरलात आणि ज्वारीच्या मधून आलात. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर ताटं, मधे एक माणूस नीट चालेल एवढी जागा. तुम्हाला ती पायवाट वाटली असेल. ते तास आहे. तास म्हणजे पेरणीची एक ओळ. त्या ओळीत आम्ही बी पडू देत नाही. शेवरेवाडीत कुणाच्याही रानात जा, दोन एकर असो की वीस, असं एक तास मोकळं दिसेल, आणि ते थेट वस्तीच्या दारासमोर उघडेल. त्या तासातून जो येईल त्याला आम्ही नाव-गाव नंतर विचारतो. आधी विचारतो, जेवलात का? मी विचारलं तेव्हा तुमच्यातले दोघं हसले. आज येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात जेवायला जमलेलं, आणि हा असं काय विचारतो! पण ती आमची रीत आहे. रीत कशी पडली ते सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. ह्याच काळ्या रानात येमाजी नावाचा माणूस त्याच्या बहिणीबरोबर राहायचा. बहिणीचं नाव हौसा. आई-बाप लहानपणीच गेलेले. थोरला तोच, रान कसायचा तोच, आणि चिडायचाही तोच. हौसा चार वर्षांनी धाकटी. घरातलं बियाणं तिच्या ताब्यात असायचं. माघात ज्वारी निघाली की ती चांगली कणसं निवडायची, दाणे राखेत घोळून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणानं लिंपून टाकायची. गौरी-गणपती होईपर्यंत त्या मडक्याला कुणी हात लावायचा नाही, येमाजीनंसुद्धा.

पेरणी तिफणीनं. तुम्ही तिफण पाहिली नसेल. पुढं दोन बैल, मागं तीन फण, वर लाकडाची एक वाटी, तिला चाडं म्हणतात. वाटीतून तीन नळ्या खाली फणांपर्यंत जातात. बैल हाकणारा पुढं, आणि मागं चालणारी बाई मुठीतून दाणे चाड्यात सोडते. मूठ एकसारखी सुटली पाहिजे. दाट सुटली तर पीक दाटतं, थांबली तर मधे जागा रिकामी राहते. हौसाची मूठ अशी होती की दाणे मोजून टाकते की काय, असं बायका म्हणायच्या.

त्या साली पाऊस लवकर उघडला. हस्त नक्षत्र सरत आलं आणि जमिनीतली ओल दर दिवसाला बोटभर खाली जायला लागली. येमाजीनं ठरवलं, आजच्या आज सगळं रान पेरायचं. पहाटे तिफण जुंपली. भाकरीचं गाठोडं हौसानं लिंबाच्या फांदीला टांगून ठेवलं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "दादा, दोन घास खाऊन घेऊ. बैलबी दमल्यात."

"ओल थांबणार हाय का तुझ्या घासासाठी?" येमाजी म्हणाला. "पोटाचं काय, ते रोजच मागतंय."

तिनं मूठ भरून घेतली आणि चालायला लागली. असं सांगतात, की त्याच फेरीला मधल्या नळीत ओला चिखल बसला. नळी तुंबली की चाड्यात दाणा थोडा थबकतो, मागच्या बाईला ते कळतं. पण हौसाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. आणि हाकणाऱ्यानं कडेला गेल्यावर तिफण उचलून फण पाहायचे असतात, ते येमाजीनं घाईत पाहिले नाहीत. पुढच्या वळणावर ढेकळाचा दणका बसला आणि नळी आपोआप मोकळी झाली. दोघांनाही काही कळलं नाही. दिवस मावळायला रान पेरून झालं.

आठव्या दिवशी ज्वारी उगवून आली. हिरव्या रानात मधोमध एक काळी रेघ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या काळी लोक मानायचे, की पेरणीत तास मोकळं राहिलं तर घरातलं माणूस उणं होतं. बांधावर माणसं जमली. एक जण म्हणाला, "येमाजी, रानाचा भांग पाडलास काय रं? आता तेल-फणी करायला कुणाला बोलवतूस?" बाकीचे हसले. येमाजीला हसणं सोसलं नाही. तो सगळ्यांदेखत वळला आणि म्हणाला, "हिच्या हातालाच बरकत न्हाई."

हौसा लिंबाखाली उभी होती. ती रेघ भरायला ओच्यात आणलेले उरलेले दाणे तिनं बांधावर ओतले, त्यांची नीट रास केली आणि म्हणाली, "बरकतीच्या हातानं पेर मग." आणि त्याच मोकळ्या तासातून चालत गेली. येमाजीला वाटलं, घरी गेली असेल. संध्याकाळी घरात चूल थंड होती.

मला नेहमी वाटायचं की तो लगेच का धावला नाही. आक्का म्हणायची, "तूबी धावला नसतास. रागात माणसाच्या पायाला मुळ्या फुटत्यात." दोन दिवसांनी तो निघाला. नातेवाइकांकडं गेला, बाजारात विचारलं, नदीच्या उतारावर नावाड्याला विचारलं. कुणी म्हणे तिला पाहिलं, कुणी म्हणे नाही. ती गेली त्या दिवशी लिंबाला टांगलेलं भाकरीचं गाठोडं त्यानं सोडून पाहिलं, तर भाकरी तशाच राहिल्या होत्या असं काही जण सांगतात. काही जण सांगतात एक कमी होती. ती उपाशी गेली की खाऊन, ह्यावर आमच्याकडं म्हातारी माणसं अजून वाद घालतात.

मग पौषात वादळी पाऊस आला. ज्वारी निसवून, कणसं बाहेर काढून उभी होती, ती सगळ्या वाडीत आडवी झाली. दाणे काळे पडले. येमाजीचं रानही झोपलं. पण मोकळ्या तासाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांना मोकळी जागा मिळाली होती, ऊन मिळालं होतं, बुडखे मनगटाएवढे झाले होते. कणसं अशी भरली की वजनानं माना वाकल्या होत्या. त्या साली सगळ्या वाडीला पुढचं बियाणं त्या दोन ओळींनी दिलं म्हणे. जे बांधावर हसले होते तेच टोपली घेऊन आले. येमाजीनं प्रत्येकाला दाणे दिले आणि प्रत्येकाला एकच वाक्य बोलला, "हे हौसाच्या हाताचं हाय."

पुढच्या पेरणीला त्यानं मधल्या नळीत आपल्या धोतराचा बोळा कोंबला आणि एक तास मुद्दाम मोकळं सोडलं. लोक म्हणाले, वेडा झाला. तो म्हणाला, "ज्वारी डोक्याच्या वर जाती. ती आली तर तिला घर दिसायचं न्हाई. ज्या वाटंनं गेली ती वाट उघडी ठेवतो." त्यानं नवस केला, की ती परत येईपर्यंत येळवशीचं पहिलं ताट तासाच्या तोंडाशी ठेवीन आणि ते ठेवल्याबिगर घास घेणार नाही. एक साल, दोन सालं. बैल म्हातारे झाले, नवे आले. लिंबाच्या फांद्या खाली वाकल्या. तास दर साली उघडं.

आठव्या साली येळवशीला माणसं अशीच रानात बसली होती. बायका आंबील ढवळत होत्या, पोरं कडब्याच्या खोपटाभोवती, म्हणजे कोपीभोवती, पळत होती. कुणाला तरी ज्वारीच्या ताटांची सळसळ ऐकू आली. वारा नव्हता. येमाजी उठला. मोकळ्या तासातून एक बाई येत होती, अर्धे केस पिकलेले, पाय धुळीनं भरलेले. ती तासाच्या तोंडाशी ठेवलेल्या ताटापाशी थांबली, पुढं येईना.

आठ वर्षं त्यानं काय काय बोलायचं ठरवलं असेल. माफी मागायची ठरवली असेल. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हौसे, जेवलीस का?"

गोष्ट इथं संपते. ती काय म्हणाली ते कुणी सांगत नाही.

पूर्वी आलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट आक्का सांगायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कावेरी. तिचं सासर इथून तीन कोसांवर, पण येळवशीला ती माहेरी यायचीच. तिथं कोपीच्या सावलीत बसून सांगायची, आणि शेवटी मी दर वेळी विचारायचो, "मग हौसा काय म्हणाली?" मी मोठा झालो, मिसरूड फुटलं, तरी विचारायचो. आक्का माझ्या ताटात पिठाचा अजून एक उकडलेला उंडा टाकायची आणि म्हणायची, "आधी तू जेव. मग सांगते." मी जेवायचो. तोवर ती भांडी गोळा करायला उठलेली असायची.

यंदा गौरीच्या आदल्या दिवशी आक्का गेली. विहिरीवरून पाणी घेऊन येताना दारातच पडली. गाडी आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. मी तिच्या सासरी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. मी तिच्या सासूला विचारलं, नणंदेला विचारलं, शेजारणींना विचारलं, ती सकाळी जेवली होती का? कुणी म्हणालं चहा घेतला होता. कुणी म्हणालं, आता ते कशाला विचारतोस. त्यांचंही बरोबर होतं. सगळे रडत होते.

तेराव्यानंतर पेरणी आली. आई मागं चाड्यावर, मी बैलांपुढं. मधोमध आल्यावर आई थांबली. "बोळा लाव," ती म्हणाली.

"कशाला?" मी म्हणालो. "कोण येणार हाय?"

"रीत हाय, बाळा."

"रीत घाल चुलीत," मी म्हणालो आणि बैल हाकले. आईची मूठ थांबली नाही. तिला थांबवता आली असती, पण नाही थांबवली. त्या दिवशी मी सगळं रान भरून पेरलं. वाडीत पहिल्यांदाच असं झालं असेल.

आठव्या दिवशी ज्वारी उगवली. सकाळी दारात उभा राहून पाहिलं तर सगळीकडं सारखं हिरवं होतं. कुठंच रेघ नव्हती. आक्कानं तिच्या सासरच्या अंगणापासून आमच्या दारापर्यंत कुठून चालत यायचं, हेच मला कळेना. मी तसाच अनवाणी रानात गेलो, बसलो आणि मधल्या तासातलं एकेक रोप उपटायला लागलो. बोटाएवढी रोपं, ओल्या मातीतून सहज येत होती. दुसऱ्या दिवशी आई आली आणि दुसऱ्या टोकानं उपटायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मधे गाठ पडली. आईनं फक्त माझ्या ढोपराची माती झाडली.

तुम्ही ज्यातून आलात ते तास हे आहे. नीट पाहिलंत तर अजून कुठं कुठं ज्वारीचं एखादं ताट चुकून राहिलेलं दिसेल.

आजही शेवरेवाडीत येळवशीला पहिलं ताट तासाच्या तोंडाशी ठेवतात, आणि ते ठेवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आमचं ताट दर साली आक्का ठेवायची. यंदा तुम्ही यायच्या थोडं आधी मी ठेवलं. दोन उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, खिचडा, आंबिलाचं गाडगं, आणि तिला लागायचा म्हणून मुळा. गेले तीन महिने मी ताटावर बसतो आणि न जेवताच उठतो, आई माझ्या भरल्या ताटाकडं पाहते. आज मी दुसरं ताट वाढून घेतलं, तिच्या ताटासमोर मातीतच मांडी घालून बसलो, आणि ती म्हणायची तसं आधी जेवलो.