किल्लीवरचा हात

एका कोळीबंदरात एक वृद्ध तांडेल राहत असे. मासेमारी बोट हाकण्यात त्याची बरोबरी कोणी करीत नसे. हसुराम नावाचा तरुण त्याच्या हाताखाली शिकत होता. तो कष्टाळू होता, धीट होता. पण उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! बोट धक्क्याला टेकायच्या आत इंजिन बंद करून तो उडी मारी. सगळ्या बंदराची तीच रीत होती, कारण जो आधी उतरेल त्याच्या मासळीला आधी गिऱ्हाईक. म्हातारा मात्र धक्क्याला लागल्यावरही इंजिन मंद चालू ठेवून स्वस्थ बसे. लोक त्याला हसत. इंजिनाची किल्ली तो रोज हसुरामकडून परत मागून घेई.

पौषातल्या एका सकाळी हाकाटी झाली. हसुरामच्या धाकट्या भावाची, परशाची बोट इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चालली होती. धक्क्यावर तेवढी तांडेलाची बोट उभी होती. हसुरामने धावत येऊन तांडेलाच्या हातातली किल्ली घेतली, इंजिन सुरू केले आणि वेग द्यायला हात घातला. तांडेलाने त्याचे मनगट धरले.

"थांब."

"बाबा, माझा भाऊ हाय तिकडं!"

"म्हणून तर थांब. तवर ओढायचा दोर बांध. तेलाच्या काट्यावर माझं लक्ष हाय."

हसुराम रडत, मनातल्या मनात शिव्या देत गाठी मारू लागला. म्हाताऱ्याचे काळीज दगडाचे आहे, असे धक्क्यावरून कोणी सुनावलेही. तेलाच्या दाबाचा काटा वर आला तेव्हा बोट हलली, तीही हळूहळू. बंदराचे तोंड ओलांडल्यावर मग तांडेल म्हणाला, "आता दे सगळा जोर!"

खडकांवरचा फेस स्पष्ट दिसत होता, तेव्हा दोर परशाच्या हाती पडला. दोर ताणला गेला. काही क्षण दोन्ही बोटी जागच्या हलेनात. हसुरामने दात आवळून जोर कायम ठेवला. इंजिन गरजत राहिले, अडखळले नाही, आणि खडक मागे सरू लागले.

परतताना तांडेल म्हणाला, "रातभर उभ्या इंजिनात तेल तळाला उतरतं. ते वर पोचायच्या आधी जोर लावला, तर लोखंड लोखंडाला खातं. आज या इंजिनाला दोन बोटींचं ओझं ओढायचं होतं. खडकापाशी तेच बंद पडलं असतं, तर कोण कोणाला ओढणार होतं? घाई तुला होती, तशी मलाही होती. परशाला मीपण खांद्यावर खेळवलाय रे."

धक्क्यावर उतरताच परशाने थरथरत हाक मारली, "दादा!" सवयीने हसुरामचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच थबकला. इंजिन तापून लाल झाले असणार. आता किल्ली फिरवली, तर तेल जागीच थांबणार आणि आतल्या आगीत जळणार. बोट लागताच इंजिन बंद करून उडी टाकायची, हे परशाला त्यानेच तर शिकवले होते; त्याचे इंजिन आज त्यानेच बंद पडले असेल.

"परशा, येतो रे. याला जरा निवू दे."

तांडेलाने उतरून आपली शाल परशाच्या अंगावर घातली. हसुराम डोळे पुसत मंद धडधड ऐकत बसून राहिला. उष्णतेचा काटा खाली आल्यावरच त्याने किल्ली फिरवली, मग मात्र धावत जाऊन भावाला घट्ट कवटाळले.

थोड्या वेळाने त्याने किल्ली तांडेलापुढे धरली. म्हाताऱ्याने ती घेतली नाही.

"आता ती तुझ्याकडंच राहू दे," एवढेच तो म्हणाला.