कोंडाईच्या पदरातली पिसं

बाबांनो, एक सांगा बघू. आपलं काही सांभाळायला द्यायचं झालं, तर कुणावर भरवसा ठेवाल? रोज दारात येऊन खुशाली सांगणाऱ्यावर, की एका शब्दानंही न सांगता सगळं घेऊन निघून जाणाऱ्यावर? आडवळीच्या लोकांना याचं उत्तर सोपं वाटलं होतं, आणि तिथंच ते फसले.

आडवळीला गाडीरस्ता नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. शाळा चार इयत्तांची, आणि शाळेमागं परसबाग नि कोंबड्यांचं खुराडं. मुलाचं नाव घालायचं तर घरातून एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, खुराड्यात सोडायची, ही तिथली रीत. अंडी मुलांच्या ताटात, शीट बागेच्या वाफ्यात. हे सगळं कोंडाई बघायची. एकटी बाई, आणि बोलणं असं मोजकं, जणू शब्दांचे भाव चढलेत. तिनं लावलेल्या अळूच्या एका पानाखाली अख्खी पहिली सावलीला बसायची, असं म्हणतात.

एका वर्षी नदीपलीकडच्या गावांत कोंबड्या माना टाकू लागल्या. कोंडाईनं ते बाजारात पाहिलं. रोग आज तिथं, उद्या इथं. गावाला सांगावं, तर जो तो आपली कोंबडी मरायच्या आत शिजवून खाणार. न सांगता कोंबड्या हलवाव्यात, तर आपण चोर ठरणार. तिनं दोन्ही पारडी तोलून पाहिली, पहाटे बांबूचं डालगं डोक्यावर घेतलं आणि भैरोबाच्या कड्याची वाट धरली. डालग्यात पिल्लं, मागं ओळीनं सगळं खुराडं. एकही कोंबडा आरवला नाही, असं म्हणतात.

सकाळी खुराडं रिकामं. कोंडाईनं शाळेच्या कोंबड्या विकल्या, हे गावानं चहा गार व्हायच्या आत ठरवलं. शिक्षा म्हणून तिच्या झोपडीचं छप्पर उतरवायला सगळ्यांत आधी सगुणा लोहारीण चढली. पुढं रोग गावात शिरला, घरोघरच्या कोंबड्या गेल्या, आणि त्याचंही खापर कोंडाईवरच फुटलं.

वर कड्यावर ती कारवीच्या झुडपांत राहिली. तिच्या वाट्याची नाचणी कोंबड्यांनी खाल्ली, तिनं कंद उकडून खाल्ले. घारी यायच्या, पण झडप घालायचं सोडून पंख पसरून पिल्लांवर सावली धरायच्या, असं म्हणतात. तरी काही कोंबड्या थंडीनं मेल्या, काही रानमांजरानं नेल्या. लोक हे सांगायचं टाळतात. कोंडाईनं टाळलं नाही.

रोग ओसरल्यावर ती खाली उतरली. पुढं कोंबड्या, मागं पिल्लांचा असा लोंढा की पायवाट दिसेना. गाव शाळेपुढं गोळा झालं. गप्प राहणं सगुणेला कधी जमलंच नव्हतं.

"न सांगता का गेलीस, कोंडाई?"

"सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी मसाला वाटायला घेतला असतास."

लोक हसले. कोंडाई हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडली. आत पिसं होती.

"ही मेली त्यांची. जित्या मागाहून मोजा. आधी ही ओळखून घ्या."

एकेक बाई पुढं आली. कुणाची ठिपक्यांची कवडी, कुणाची तांबडी, कुणाची बोडक्या मानेची. सगुणेनं आपल्या काळ्या कोंबडीचं पीस उचललं.

"तुझं छप्पर मी उतरवलंय," ती म्हणाली. "शाकारून मीच देते."

आडवळीत आजही मूल शाळेत आलं की त्याच्याबरोबर तलंग येते. कोंबडी गेली तर तिचं पीस खुराड्याच्या दाराला खोचतात. अंडी गोळा करायची पाळी ज्या मुलाची, ते परसबागेत उभं राहून मोठ्यानं सांगतं, किती निघाली. पण फुटली असतील ती आधी. याला तिथं कोंडाईचं नाव घेणं म्हणतात.

तेव्हा बाबांनो, दुसऱ्याचं काही तुमच्या हाती आलं, तर हिशोब चोख ठेवा. आणि तो सांगायला बसाल, तेव्हा फुटलेल्या अंड्यापासून सुरुवात करा.