भरल्या ताटावरची सून

साताऱ्यातल्या प्रेक्षक मेळाव्यात मालिकेचे निर्माते कोठावळेसाहेब छाती फुगवून म्हणाले, "आमच्या मालिकेत एक गोष्ट खोटी दाखवा, उद्याच बंद करतो!"

नऊ वर्षांत एकही भाग न चुकवलेल्या शकूताई बोधे उठल्या. "साहेब, तुमची सून अजून एकदाही पोटभर जेवलेली नाही. घास उचलला की कुणीतरी वाईट बातमी आणतं, आणि ती भरल्या ताटावरून उठते."

साहेब हसले. "ताई, दुःखात घास उतरतो का घशाखाली?"

"उतरतो," शकूताई म्हणाल्या. "आमचे हे गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारणीनं पिठलं-भात आणून पुढ्यात ठेवला. रडत रडत जेवले, पण ताट रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी जगायचं होतं ना!"

साहेबांनी मान खाली घातली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मालिका काही बंद झाली नाही. पुढच्याच आठवड्यात सुनेचा नवरा गेला आणि शेजारीण पिठलं-भात घेऊन आली. "जेव गं बाई," शकूताई टीव्हीला म्हणाल्या.

सुनेनं घास उचलला, तोच दारात नवरा जिवंत उभा! ताट तसंच राहिलं.