खिंडीपलीकडे विस्तव

"...मग तुम्हीच सांगा बाबा, जास्त झाली की नाहीत?"

प्रभाकरनं हे विचारलं तेव्हा केवलगिरी बाबा धुनीतली राख सारखी करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय जास्त झालं?"

"कॉलेजं, बाबा. सरकारी कॉलेजं. इतका वेळ मी सांगतोय काय मग?"

"तू सांगत होतास, मी राख बघत होतो. पुन्हा सांग."

प्रभाकरला राग आला आणि त्यानं तो गिळला. बाहेर त्याला सगळे सोनटक्के सर म्हणत. राज्यात सरकारी कॉलेजं आणि विद्यापीठं गरजेपेक्षा जास्त झाली आहेत का, हे ठरवायला नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता. तो आला की मंत्री उठून खुर्ची देत. पण या मठाच्या पायरीशी चपला काढल्या की तो नुसता प्रभाकर व्हायचा. लहानपणी आपल्या वाडीतून शिकायला येऊन तो इथंच राहिला होता आणि तर्क करायला बाबांकडून शिकला होता. शिकला तो असा, की पुढं पुढं वादात बाबांनाच गप्प करू लागला. निदान त्याची तशी समजूत होती.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"एका ठिकाणी इमारत आहे, प्राध्यापक नाहीत. दुसऱ्या ठिकाणी प्राध्यापक आहेत, पोरं नाहीत. एक विद्यापीठ असं पाहिलं, की कुलगुरूंच्या दालनाला नवे पडदे आणि ग्रंथालयाला कुलूप! प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या तालुक्यात एक पाहिजे. नारळ फोडायचा, फोटो काढायचा आणि निघून जायचं. पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांना साधा अर्ज लिहिता येत नाही. याला काय शिक्षण म्हणायचं? ही फसवणूक आहे."

"खरं आहे," बाबा म्हणाले.

प्रभाकर अडखळला. तो भांडायच्या तयारीनं आला होता.

"खरं आहे?"

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग उपाय एकच आहे. लहान लहान कॉलेजं बंद करायची आणि जिल्ह्याच्या गावी एक मोठं करायचं. चांगले प्राध्यापक, चांगली प्रयोगशाळा, वसतिगृह. दहा ठिकाणी धूर करण्यापेक्षा एका ठिकाणी नीट जाळ केलेला बरा."

"आणि पायथ्याचं?"



खरं तर प्रभाकर आला होता पायथ्याच्या कॉलेजासाठीच. डोंगराखाली मठाची आमराई होती. ती जागा बाबांनी स्वतः सरकारला कॉलेजासाठी दिली होती, आणि तिथलं कॉलेज बंद करायचं तर मठाचा होकार लागेल असं तेव्हाच ठरलं होतं. समितीचा अहवाल तयार होता. बंद करायच्या कॉलेजांत हे एकच नाव लटकत राहिलं होतं. हे एक सोडून द्या सर, असं सहकाऱ्यांनी त्याला हळूच सुचवलंही होतं.

"पायथ्याचंही," प्रभाकर म्हणाला. "माझ्या गुरूच्या दारातलं म्हणून मी ते वगळलं, तर दुसऱ्या कुणाच्या दारातलं बंद करायला मला तोंड राहणार नाही."

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हे चांगलं बोललास."

"मग होकार द्या."

बाबांनी धुनीतलं एक लाकूड आत सारलं.

"वर पठारावर मोठा मठ आहे."

"आहे."

"तिथली धुनी मोठी आहे."

"आहे, बाबा."

"मग ही इथली जास्त झाली का?"

प्रभाकरला हसू आलं. पेच त्याच्या लगेच लक्षात आला होता. दुसरा कुणी असता तर शब्द फिरवून सुटला असता. पण शब्द फिरवणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता.

"तोच हिशेब लावायचा तर... झाली. एका डोंगराला दोन धुन्या कशाला?"

"बरं," बाबा म्हणाले. ते उठले, कोपऱ्यातला चिमटा घेतला आणि त्याच्या हातात दिला. "मिळव मग."

या दोन मठांची एक रीत होती. धुनी विझवायची नाही, तिच्यावर पाणी घालायचं नाही. मोडायचीच असेल तर ती दुसऱ्या धुनीत मिळवायची. इथला विस्तव पायी घेऊन जायचा आणि जिवंत असताना तिथं ठेवायचा. तो तिथं पोचला की इथं लाकूड घालायचं बंद. रीत होती, पण ती पाळायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती.

"आणि कॉलेजचं?" प्रभाकरनं विचारलं.

"विस्तव पोचवून ये. दोन्हींचा होकार एकदमच घे."

एवढंच? प्रभाकरनं बाह्या वर केल्या. खाली गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरला त्यानं उठवलंही नाही. धुनीतला सगळ्यात मोठा, लालबुंद निखारा त्यानं चिमट्यात धरला आणि खिंडीची वाट धरली.

निखारा मोठा दिमाखदार होता. वारा लागला की जास्तच फुलायचा. प्रभाकर त्याच्याकडे कौतुकानं बघत झपझप चढत होता. खिंडीच्या तोंडाशी वाऱ्याचा झोत आला, निखारा एकदम उजळला आणि दोन तुकडे होऊन खाली पडला. प्रभाकर वाकेपर्यंत मातीत नुसती राख उरली होती.

तो परत आला.

बाबा हसले नाहीत. "घे दुसरा," म्हणाले.

या खेपेला त्यानं एका खापरात बरेच निखारे घेतले. एक गेला तरी बाकीचे राहतील, असा विचार. आणि ते विझू नयेत म्हणून पावलागणिक फुंकर घालत निघाला. फुंकर घातली की ते लाल व्हायचे, त्याला हुरूप यायचा आणि तो आणखी जोरात फुंकायचा. खिंड दिसायच्या आधीच खापरात पांढरी राख झाली. शेवटच्या फुंकरीला ती उडून त्याच्या डोळ्यांत गेली.

परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि सदऱ्यावर काळे डाग पडले होते. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"राहू दे का?"

"नाही."

तो 'नाही' त्याच्या तोंडून जरा मोठ्यानंच निघाला. प्रभाकर सोनटक्केनं हातात घेतलेलं काम कधी अर्ध्यावर टाकलं नव्हतं. वाडीतून तो याच हट्टावर विद्यापीठापर्यंत गेला होता. आता एका डोंगरानं आणि मूठभर निखाऱ्यांनी त्याला हरवायचं, हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

तो धुनीशी बसला आणि डोकं चालवू लागला. त्याची आई रात्री चुलीतला विस्तव कसा ठेवायची? राखेखाली. सकाळी वरची राख बाजूला केली की खाली विस्तव असायचाच. आपल्याला हे आधी कसं आठवलं नाही, याची त्याला लाज वाटली. त्यानं खापरात राखेचा जाड थर दिला, त्यावर निखारे मांडले, मध्ये गोवरीचा तुकडा ठेवला आणि वरून पुन्हा राख घालून झाकून टाकलं.

आता फुंकायचं नाही. घाई करायची नाही. आत काय चाललंय ते उघडून बघायचंही नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. खिंडीत त्यानं खापर पोटाशी धरलं आणि वाऱ्याकडे पाठ करून अर्धी वाट आडवा आडवा चालला. पाय भरून आले होते, घसा कोरडा पडला होता. पण तो थांबला नाही.

वरच्या मठातल्या मोठ्या धुनीशी एक गोसावी बसला होता. तो मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता.

"खालच्या मठाचा विस्तव आणलाय," प्रभाकर म्हणाला.

गोसाव्यानं बोलणं न थांबवता हनुवटीनं दाखवलं. "ठेवा तिकडं."

प्रभाकरनं राख बाजूला केली. बाकीचे निखारे काळे पडले होते. गोवरीला चिकटलेला एक मात्र आतून लाल होता.  त्यानं तो गोवरीसकट अलगद उचलून मोठ्या धुनीत ठेवला आणि क्षणभरात आपला कुठला, हे त्याला ओळखू येईना.

कुणीतरी काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तो जरा वेळ उभा राहिला. मग निघाला.

उतरताना मात्र त्याला पिसासारखं हलकं वाटत होतं. जमलं! लोक उगाच रडतात, म्हणे लांब पडतं, म्हणे वाट अवघड आहे. नीट विचार करून, नीट झाकून, हळू नेलं तर सगळं नेता येतं. अहवालात वसतिगृहावर आणखी एक प्रकरण घालायचं त्यानं मनात पक्कं केलं.

खिंडीच्या खाली बऱ्याच अंतरावर दोन मुली चढताना दिसल्या. पाठीला दप्तरं होती. पायथ्याचं कॉलेज सुटलं होतं आणि त्या पठारावरच्या वाड्यांकडे घरी निघाल्या होत्या. पुढच्या मुलीनं त्याला ओळखलं.

"सर, तुम्ही समितीचे ना? आमच्या कॉलेजात आलावता."

"हो. तुझं नाव काय?"

"प्रणाली."

"प्रणाली, एक विचारू? हे कॉलेज बंद करून जिल्ह्याच्या गावी मोठ्या कॉलेजात तुमची सोय केली, राहायला वसतिगृह दिलं, तर जाशील?"

"जाईन की!" तिचा चेहराच उजळला. "हितं फिजिक्सला सरच न्हाईत, सर. बाईच सगळं शिकवत्यात. तिथली लॅब लई भारी हाय म्हनं."

प्रभाकरला तिला शाबासकी द्यावीशी वाटली. हेच तर तो गावोगाव ओरडून सांगत होता. समितीपुढं आजवर इतकं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं.

तिच्या मागं उभ्या असलेल्या मुलीनं दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याच्या हातातल्या रिकाम्या खापराकडे तिनं पाहिलं आणि मान खाली घालून पुढं चालू लागली.

"येते सर," म्हणून प्रणालीही तिच्या मागं पळाली.

बाबा धुनीशी होते. आगीला लाकूड हवं होतं. एक लाकूड त्यांनी हातात घेतलं होतं, पण घातलं नव्हतं.

"पोचला, बाबा," प्रभाकर म्हणाला आणि धापा टाकत खाली बसला.

"सगळे?"

"एक पोचला. रीतीत किती पोचावेत ते सांगितलेलं नाही."

"नाही सांगितलेलं."

"मग तर्क बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

प्रभाकरला वाटलं, आता वाद संपला. गुरूला जिंकल्याचा आनंद त्याला लपवता येईना. लहानपणीही कधी लपवता आला नव्हता.

"आणि बाबा, वाटेत कॉलेजातली मुलगी भेटली. तुम्ही म्हणाल, मी माणसांना न विचारताच ठरवतो, म्हणून तिला विचारलं. अगदी आनंदानं जाईन म्हणाली. तिथली प्रयोगशाळा चांगली आहे, हेसुद्धा तिला माहीत आहे!"

"चांगली पोर आहे."

"हुशार आहे."

"एकटीच होती?"

"नाही, दोघी होत्या."

"दुसरी काय म्हणाली?"

प्रभाकरनं हातातलं खापर खाली ठेवलं.

"ती काही बोलली नाही."

"नाव काय तिचं?"

धुनीत काहीतरी तडकलं. प्रभाकर हातावरची राख पुसू लागला. ती पुसली जाईना, नुसती पसरत गेली.

"विचारलं नाही," तो म्हणाला.

 लाकूड बाबांच्या हातातच होतं. ते आगीत घालत नव्हते आणि खालीही ठेवत नव्हते.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता. विस्तव पोचला की होकार."

"दिलाय. मी कुठं मागं घेतोय?"

"मग?"

बाबांनी दारातून वर डोंगराकडे पाहिलं. प्रभाकरनंही पाहिलं. चढावर दोन मुली दिसत होत्या. एक बरीच पुढं गेली होती. दुसरी एका दगडाशी थांबली होती.

प्रभाकरच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. त्यानं एकदा बाबांच्या हातातल्या लाकडाकडे पाहिलं आणि एकदा त्या वाटेकडे.

"अजून खिंडीच्या अलीकडंच आहेत," बाबा म्हणाले. "ऊठ. जी बोलली नाही, तिला विचारून ये."